नर्मदेला जायचं राहिलं

आप्पा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा मी तुम्हाला लिहायला बसले आहे. दुपारची वेळ आहे, ह्यांचा आत्ताच डोळा लागलाय.

सकाळपासून मला तोच दिवस आठवतोय. मी बारावी झालेली, औरंगाबादच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला, वळकटी बांधून दारात ठेवलेली. निघायच्या आदल्या दिवशी आई धुण्याच्या दगडावरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. आता ती कित्येक महिने उठणार नव्हती, आणि घरात दुसरं बाईमाणूस म्हणजे मी एकटी. मला कुणी राहा म्हणालं नाही, तुम्हीसुद्धा नाही. वळकटी मीच सोडली. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात भांडी आदळत होते आणि तुम्ही दुकान मध्येच बंद करून घरी आलात. मी पाठमोरीच विचारलं, की तुम्ही रोज ज्याला पाणी घालता त्या वैजनाथाला नेमकं हेच सुचलं का. आता तुम्ही रागावणार म्हणून मी मान खाली घालते. पण कधी चुलीपाशी न बसलेले तुम्ही माझ्या शेजारी मांडी घालून बसता, परात ओढून घेता आणि भाकरी थापायला लागता. ती कडेनं फाटते. तुम्ही पीठ पुन्हा गोळा करता.

"त्यानं असं कावून केलं, मला न्हाई कळत, माय," तुम्ही परातीकडं बघतच म्हणालात. "मला फुडचं दिसत न्हाई. त्याला दिसतं, एवढंच धरून मी रोज दुकान उघडतो."

तेव्हा मला ते पटलं नव्हतं. पुढं आई हिंडूफिरू लागली, मी अंबाजोगाईला डी.एड. केलं, नांदूरघाटच्या शाळेत लागले आणि तिथंच हे भेटले. औरंगाबादला गेले असते तर हे भेटलेच नसते. तरी "बघ, मी म्हणलो नव्हतो का" असं तुम्ही लग्नातही म्हणाला नाहीत आणि नंतरही नाही. मीच आपली मनाशी ठरवून बसले, की देव एक वाट मोडतो ती दुसरी काढण्यासाठीच. शाळेत, शेजारीपाजारी, ज्याचं काही बिनसलं त्याला मी हेच सांगत आले. फार सोपं होतं ते सांगणं.

हे निवृत्त झाले की दोघांनी नर्मदेची परिक्रमा करायची, पायी, असं आमचं कधीचं ठरलेलं. ह्यांनी वहीत सगळे मुक्काम लिहून काढले. वर्षभर रोज सकाळी आम्ही चालायचा सराव केला. दिवाळीनंतर निघायचं होतं, आणि गणपतीत ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणतात, जेवढं परत येईल तेवढं आपलं. मी भरवते, कूस बदलते. ज्यांचा आवाज तीन वर्ग ओलांडून जायचा, ते आता पाणी मागायला पेला वाजवतात. आम्ही देवाच्याच कामाला निघालो होतो, आप्पा. ही वाट त्यानं कशासाठी मोडली? मला दुसरी कुठलीच दिसत नाही.

परवा भरवताना ह्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. बराच वेळ ओठांची जुळवाजुळव केली आणि एकच शब्द काढला, "कधी?" दिवाळी होऊन महिना झालाय. मी पुढचा घास कालवायला घेतला.

काल सोमवार होता. शेजारणीला ह्यांच्यापाशी बसवून मी परळीला गेले. रांगेत उभी राहिले, पिंडीवर हात ठेवला. तुझ्या मनासारखं होऊ दे, एवढंच म्हणायचं ठरवून गेले होते. ते तोंडातून निघेना. मागची बाई म्हणाली, "सरका की काकू, लई येळ झाला." मी सरकले.

घरी आले तर ह्यांची नजर दाराकडंच. मी म्हणाले, सगळं देवावर सोपवून आले, आता आपण काळजी करायची नाही. ऐकून ह्यांनी डोळे मिटले, आणि कितीतरी दिवसांनी चेहरा जरा सैल पडला. आप्पा, मी काहीच सोपवलेलं नाही. तुम्ही समोर असतात तर हे तुम्हालाही सांगू शकले नसते.