दहा मिनिटं पुढचं घड्याळ

मंगळवार, संध्याकाळ. हडपसरची खोली.

आज खोटं बोललो. दोनच शब्द, पण त्यात वैष्णवी नावाच्या एका विद्यार्थिनीचे मार्क गेले.

मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचा शिपाई, तिथलं घड्याळ मीच दहा मिनिटं पुढं करून ठेवलेलं. लवकर कुलूप लावून बस गाठायला. आज तिला शेवटचा प्रोग्राम पाचच्या आत पाठवायचा होता. शंभरातले तीस मार्क त्याचेच. उशिराची सवलत सेमिस्टरभरात तीनच दिवस, ती तिनं तापात वापरून टाकलेली. सगळं मला पाठ आहे. ती नोटीस मीच भिंतीला चिकटवली. नववी नापास असलो तरी तेवढं वाचता येतं.

"दादा, कॉम्प्युटरमध्ये चार पन्नासच झालेत."

"मॅडम, इथं भिंतीवरचं घड्याळ चालतं," म्हणालो आणि मेन स्विच पाडला. केवढा तो रुबाब!

ती दुसऱ्या लॅबकडे पळाली, पण वीज गेल्यानं उडालेला भाग परत लिहीपर्यंत पाच वाजून गेले. तिनं तक्रार केल्यावर लॅबच्या सरांनी मला तिच्यासमोर विचारलं, "पाचलाच बंद केलीस ना?"

"हो सर."

तिनं बॅग उचलली आणि निघून गेली.

सगळे गेल्यावर स्टुलावर चढून घड्याळ बरोबर केलं. खाली उतरलो आणि वाटलं, आता तर पुरावाच गेला, तिचं कोण ऐकेल? नोकरी गेली तर यवतमाळला आईला काय सांगू?  मग परत चढलो आणि काटा दहा मिनिटं पुढं सरकवला. उद्या सरांना या घड्याळासमोर नेऊन उभं करतो.