वेत भिजवायचं पाणी

बाबा, आज एका गिऱ्हाइकानं पुन्हा डोकं उठवलं. सोफा खाली बसलाय, फोमचा भुगा झालाय, आतले पट्टे लोंबताहेत आणि बाई म्हणतात, "वरचं रेक्झिन तेवढं बदला." मी म्हटलं, सगळं सांगाड्यापर्यंत उघडल्याशिवाय नवं कापड चढवणार नाही. त्या उठून गेल्या. माझ्या नांदेडच्या दुकानातून गिऱ्हाईक असंच जातं आणि त्याला जबाबदार तुम्ही. जुन्यावर नवं चढवायचं नाही, झाकपाक करायची नाही, हे तुम्ही माझ्या हाडात भरलंत. खुर्चीपुरतं ठीक होतं हो. माणसांशीही तुम्ही तसंच वागलात.

गोदावरीकाठचं गाव सोडून, वेत भिजवायचा धंदा घेऊन लातूरला जाणारा माणूस त्रिभुवनात दुसरा नसेल. लातूर नवा जिल्हा झाला होता. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, साहेबांना वेताच्या खुर्च्या. "लई काम हाय तिकडं," म्हणत तुम्ही आम्हाला उचललंत. काम होतं, पाणी नव्हतं. त्यात दुष्काळ पडला; आई टँकरमागं घागर घेऊन धावायची आणि ते पाणी तुम्ही घंगाळात ओतून त्यात वेताच्या पट्ट्या बुडवायचात. कोरडा वेत वळवला की तडकतो. भिजलेला भोकांतून दोरीसारखा जातो आणि विणल्यावर वाळताना आपसूक ताणला जातो. मला हे पटत होतं, कारण विणायला मीही बसायचे. आईला पटवायची तुम्हाला गरजच वाटली नाही. वेताचं पिवळट पाणी ती भांड्यांना वापरायची आणि धुमसत राहायची. मग धाकट्या भावाला ताप आला आणि घरात प्यायला घोटभर पाणी नाही. "लेकराचं नरडं वाळलं अन् तुमचा वेत डुंबून राहिला," आई म्हणाली. "साहेब बसल्यावर खुर्ची फाटली तर?" तुम्ही विचारलंत. खरोखर विचारलंत. त्याच दिवशी ती धाकट्याला घेऊन मुदखेडला माहेरी गेली. मी राहिले, कारण खुर्च्या अर्ध्या विणून पडल्या होत्या.

खुर्च्या पोचवल्यावर आपण तिला आणायला गेलो. मामाच्या ओसरीवर तुम्ही बसलेले, मी खांबाला टेकलेली, धाकटा बरा होऊन अंगणात खेळतोय. आई चहा आणून ठेवते आणि तुमच्याकडं न बघता विचारते, "पाणी आलं का तिकडं?" मी तुमच्या तोंडाकडं बघतेय. हाव म्हणा, बाबा, नुसतं हाव म्हणा. "न्हाई," तुम्ही म्हणता. "अजून तसंच हाय." चहा पिऊन आपण दोघंच परत निघालो. पुढं पाऊस झाला, नळ आले, पण तुम्ही पुन्हा गेला नाहीत आणि तीही आली नाही. ती लातूरला आली ती तुम्ही अंथरुणाला खिळल्यावर. मधली वर्षं मी भाकऱ्या थापल्या, वेत विणला आणि मला आई हवी होती. लोक तुमच्या खरेपणाचे गोडवे गातात तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आई आता माझ्याकडंच असते. परवा शेंगा सोलताना सहज बोलून गेली. "पिशवी भरून दाराआड ठेवली होती गं. हाव म्हणले असते तर मी निघालेच असते. पाणी न्हाई, हे मला का ठावं नव्हतं? येणारं-जाणारं माणूस रोज सांगायचं." मी म्हटलं, मग तशीच का नाही निघालीस? तर म्हणते, "चल म्हणले का ते? पाण्याचंच सांगून राहिले." मला हसावं की तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घालावी, ते कळेना. पण तुम्ही तर गेलात, आता कोंडू तरी कुणाला?

हे लिहितेय तर ती मागं येऊन उभी राहिली. "काय लिहून राहिलीस गं एवढं?" मी कागदावर हात ठेवला. म्हटलं, उद्याच्या सोफ्याचं माप. "बरं," म्हणाली आणि समाधानानं आत गेली.

एवढं सोपं असतं, बाबा.