करडीचं तेल आणि दहा वर्षांची पेडलं

४ जानेवारी, रविवार. सकाळी ७

पूजा आटोपली. नवी डायरी, पहिला संकल्प: ही पेडलं दहा वर्षं टिकवायची.

प्रणिताचं पुण्याहून पार्सल आलं. पोरीचा पहिला पगार. माझ्या माउंटन बाईकसाठी क्लिपची पेडलं आणि त्यांचे बूट. बुटाच्या तळाला लोखंडी पट्टी असते, ती पेडलच्या चिमट्यात खट्ट बसते. टाच बाहेर वळवली की सुटते. सोबत चिठ्ठी. अप्पा, २५ तारखेला आपण दोघं सायकलवर अंबाजोगाईला जाऊ, तोवर सराव करा. रोज ब्रशने घाण काढा, स्प्रिंगला दोन थेंब तेल द्या आणि जास्तीचं पुसून टाका. "पुसून टाका"च्या खाली दोन रेघा.

हिला लहानपणी मी सायकलच्या दांडीवर बसवून दुकानात आणायचो. आता ती मला शिकवते. डोळ्यांत पाणी आलं. तिच्या आईने, उमाने, विचारलं काय झालं. राख गेली म्हणालो. औष्णिक वीजकेंद्रामुळे परळीत हे कारण बारमाही चालतं.

त्याच दिवशी. दुपारी

पार्सलच्या तळाशी एक छोटी बाटली. सायकलचं खास तेल म्हणे. वास घेतला. छी! दवाखान्याची फरशी पुसतात तसला वास. रंग पाण्याचा. याला तेल म्हणायचं? आमच्या तीन पिढ्या लाकडी घाण्यावर करडीचं तेल काढतायत आणि ईश्वरप्पाच्या सायकलला हे पाणी? बाजारात कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही.

बाटली दुकानाच्या शटरला ओतली. सगळी. एवीतेवी ते रोज सकाळी असं किंचाळतं की अख्खी गल्ली उठते.

६ जानेवारी, मंगळवार

पेडलांना आपलं घरचं तेल दिलं. दोन थेंबांनी काय होतंय? प्रत्येकी दोन चमचे. पुसलं नाही. इतकं शुद्ध तेल पुसून फेकायचं म्हणजे पाप.

सटवा घाण्यावर होता. तीस वर्षं आमच्याकडे आहे, त्यामुळे त्याला बोलायचा अधिकार आहे असं वाटतं. म्हणाला, अप्पा, कावून ओतायलाव एवढं? करडीचं तेल वाळलं की लई चिकट व्हतंय. त्याला सांगितलं, तू घाणा बघ.

शटर आज मुकाट वर गेलं. योगायोग.

९ जानेवारी, शुक्रवार

सटव्याला झापलं. तेलाच्या डब्यांच्या काठांवर पिवळा थर साचलाय. नखाने निघत नाही, कानशीने खरवडावा लागतो. किळस येते. सांडलेलं तेल लगेच पुसायला काय होतं? तीस वर्षं सांगतोय, वाळलं की दगड होतं. हा नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला, मग छताकडे.

माणसाला आपल्याच धंद्यातलं कळू नये, याची कमाल वाटते.

११ जानेवारी, रविवार. सकाळी ६.३०

सराव. भिंतीला हात धरून पाय अडकवला. खट्ट! टाच वळवली, लगेच सुटला. इतक्या सहज? कंपनीने ढिलं ठेवलंय. ढिल्या वस्तूचा मला तिटकारा आहे. पेडलला एक स्क्रू असतो, चिमटा आवळायचा. तो शेवटपर्यंत पिळला. शेवटी पानाही घसरला.

आता पक्कं. एकूण अंतर: घाण्यापासून मारुतीपर्यंत आणि परत.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

सायकल गच्चीवर उन्हात ठेवली आहे, म्हणजे तेल आतपर्यंत मुरेल. लोणच्याला जमतं ते लोखंडाला का जमू नये?

उमाने तिथेच तिळाचे लाडू वाळत ठेवले होते. दुपारपर्यंत लाडू करडे झाले. ही राख! कपड्यांवर राख, पाण्यावर राख, सकाळी दात घासले की थुंकीत राख. उमा म्हणाली, लाडवांवर बसली ती पेडलांवर बसली नसेल का? तेलाचा थर आहे, आत जाणार नाही म्हणालो. शांतपणे समजावलं.

समोरचा मेडिकलवाला राधाकिशन तिळगूळ द्यायला आला. किती किलोमीटर झाले म्हणून विचारलं. सध्या मेन्टेनन्सचा टप्पा चालू आहे म्हणालो. हसला. गोड बोला म्हणायला आलेला माणूस असा हसतो. मनातून उतरला.

१६ जानेवारी, शुक्रवार

प्रणिताचा फोन. तेल पुरतंय ना? पुरतंय. रोज देता का? रोज दोन थेंब. पुसता ना? हे काय विचारणं झालं. सराव? जोरात.

खूश झाली. म्हणाली, मला वाटलं होतं तुम्ही बाटली फेकून द्याल. मी म्हणालो, तुझ्या पहिल्या पगाराची वस्तू मी फेकीन का? आणि हे खरंच आहे. फेकली नाही. वापरली.

१८ जानेवारी, रविवार

पेडलांवर तपकिरी साय धरली आहे. बोट लावलं, बोट चिकटलं. साबणाने जाईना. काथ्या घेऊन घासलं, कातडी गेली, ते गेलं नाही. जेवताना भाकरीला तोच वास. अर्ध्या ताटावरून उठलो.

सटव्याने वाकून पाहिलं. म्हणाला, अप्पा, लांबी झाली की ही. तेल अन् राख. खिडकीच्या काचा बसवता येत्याल. त्याला घाण्यावर हाकललं.

विचार केला. हा संरक्षक थर असणार. वर आणखी एक चमचा दिला. दुकानाच्या पाटीवर खडूने वाढवलं: शुद्ध करडी तेल. खाण्यास, केसांस, यंत्रांस उत्तम.

२१ जानेवारी, बुधवार

सराव बंद. मुरत असताना ढवळू नये. मात्र बूट सवयीचे व्हावेत म्हणून दिवसभर दुकानात घालतो. शहाबादी फरशीवर टक टक आवाज येतो. तळाच्या पट्ट्या एका बाजूने घासल्यात. दोन गिऱ्हाइकांनी पायाला काय झालं म्हणून विचारलं. तिसऱ्याने मला जडीबुटीवाला समजून सांधेदुखीचं मांडूळ तेल मागितलं. अडाणी लोक.

२४ जानेवारी, शनिवार

प्रणिता आली. वाळली आहे, पण चेहरा उजळलाय. तिची सायकल पुण्यात, म्हणून उद्या दुकानाची काळी घेणार, सटवा डबे पोहोचवतो ती. म्हणाली, दाखवा पेडलं. उद्या बघ म्हणालो. सायकलवर पोतं टाकून ठेवलंय.

काळ्या सायकलची पेडलं बावीस वर्षांची. रबर गेलंय, दांडे उरलेत. तेलाचा थेंब कधी पाहिला नाही. घृणा वाटते तिच्याकडे बघून.

२५ जानेवारी, रविवार. सकाळी ११.४०

लिहिण्यासारखं फार नाही.

सहा वाजता निघालो. डावा पाय अडकलाच नाही. उजवा टाच आपटून बसवला. खट्ट झालं नाही, फस्स झालं. पण बसला. प्रणिता पुढे, काळीवर, मागे वळून हसत. थंड हवा होती. दोन किलोमीटर मी सुखात होतो, हे नोंदवतो.

पुढे उसाची ट्रॉली अचानक थांबली. प्रणिता पाय टेकवून उभी राहिली. मी ब्रेक दाबला, टाच वळवली. टाच वळली, बूट वळला नाही. पुन्हा वळवली. सायकल सावकाश उजवीकडे झुकायला लागली. इतकी सावकाश की चहाच्या टपरीवरच्या माणसांनी कप खाली ठेवले.

कडेला टिपरमधून सांडलेल्या राखेचा ढीग होता. तोंडावर पडलो. तोंडात, नाकात, कानात. थुंकलो तर ओकारी आली. सायकल पायाला लटकलेली. टपरीवाला ओरडला, ओ शेठ, बूट काढा की बे! शेठ आणि बे एका वाक्यात.

प्रणिताने बुटाचे पट्टे सोडले, पाय ओढून काढला. बूट तिथेच राहिला. तिने ती तपकिरी लांबी नखाने खरवडून पाहिली, मग नाकाजवळ नेली. लहानपणापासून घाण्यावर वाढलेली पोर. वासावरून कुठल्या आठवड्याचं तेल ते सांगते.

बोट रुमालाला पुसलं. रागावली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.

सायकल टपरीवर ठेवली. गुडघा सुजला होता, चालवेना. म्हणून काळीच्या कॅरिअरवर बसलो, एका पायात बूट, एका पायात मोजा. ती दांडे उरलेली पेडलं मारत मला बाजारातून घरी घेऊन आली. चढाला धाप लागली तिला. मी म्हणालो, उतरतो. म्हणाली, बसा हो अप्पा, मी बसायचे तेव्हा उतरायचे का?

राधाकिशन दारात उभा होता. या वेळी हसला नाही. ते जास्त लागलं.

सटवा जाऊन सायकल ढकलत घेऊन आला. पेडलला बूट तसाच. रस्त्यात लोकांनी विचारलं म्हणे, शेठ कुठं गेले?

२६ जानेवारी, सोमवार. रात्री ८

झेंडावंदनाला गेलो नाही. गुडघा.

प्रणिताने आज दुकान उघडलं. शटर हाताने वर केलं आणि तशीच थांबली. खाली केलं. पुन्हा वर केलं. आवाज नाही. मग कडेला बोट फिरवून वास घेतला. मी हिशेबाच्या वहीत तोंड घातलं. एवढंच म्हणाली, रोज दोन थेंब ना अप्पा? आणि आत चहा टाकायला गेली.

दुपारच्या गाडीने परतली. अंबाजोगाईचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

पेडलं शाबूत. बूट अजून त्यातच. सटव्याने छिन्नी लावून पाहिली, निघत नाही. दहा वर्षांचं म्हणालो होतो, ते खोटं ठरणार नाही.

पाटीवरचं "यंत्रांस" कुणीतरी पुसलंय. उमाच्या पदराला खडू दिसला.

पुण्याहून पुन्हा पार्सल. तीच छोटी बाटली. वर नाव उमाचं. आत चिठ्ठी: आई, हे काळ्या सायकलसाठी. सटवाकाकांना दे. अप्पांच्या हाती देऊ नको.

सटव्याने दोन थेंब दिले. पुसून टाकले.

मी दुकान उघडलं. शटर आवाज न करता वर गेलं. गल्लीत कुणाला कळलंही नाही.