रेवा कुणाकडेही जाते

शुक्र. २४ ऑक्टो.

भाऊबीज काल आटोपली. उरलेल्या सुट्टीत तीन पार्कं करायची, ठरवून टाकलं. डायनासोरवालं, पाण्याचं आणि झुकझुक गाडीचं. शिरीष म्हणाला, "सव्वादोन वर्षांच्या पोरीला डायनासोर काय नि म्हैस काय!" नवरा प्राध्यापक आहे. असलं वाक्य टाकलं की तो हशासाठी जरा थांबतो. मी हसले नाही. डब्यात काय न्यायचं ते लिहून काढलं.

संध्याकाळी समोरच्या दारातल्या माने काकू ताटलीत चकल्या घेऊन आल्या. रेवा सरळ त्यांच्या मांडीवर. गळ्यात हात, खांद्यावर डोकं. काकू विरघळल्या. "लई गुणाची बाई ही! कुणाकडं बी जाती. आमचा नातू बघा, बापाकडं सुदिक जात न्हाय."

सगळी गल्ली हेच कौतुक करते. दूधवाल्याकडे जाते, कुरिअरवाल्याकडे जाते. शेगडी दुरुस्त करायला आलेला माणूस परत निघाला तेव्हा तिने रडून घर डोक्यावर घेतलं. मी पेपरच्या ऑफिसला निघाले की मात्र टाटा करते. हसत. पाहुण्याला करावा तसा.

साडेतीन महिने झाले तिला घरी आणून. आज दत्तक संस्थेतल्या मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "दोन वर्षं तिला पाळीपाळीने वेगवेगळ्या मावश्यांनी उचललंय. जो उचलेल तो आपला, एवढंच तिला ठाऊक. आपलं माणूस आणि परकं माणूस यातला फरक अजून तिच्या गावी नाही. वेळ लागतो. गर्दी टाळा सध्या. आणि नोंद ठेवा. पडली, घाबरली की ती कुणाकडे येते, ते."

नोंद ठेवते आहे. गर्दी टाळणार नाही. घरात आम्ही दोघंच, जो जवळ असेल त्याच्याकडे येते, त्यातून काय कळणार? हजार माणसांत ती मला शोधते का, ते बघायचंय.

हे शिरीषला सांगितलेलं नाही.


शनि. २५

डायनासोरवालं. मलकापूरकडून ट्रॅक्सच्या ट्रॅक्स भरून माणसं आलेली. प्रत्येक ट्रॅक्समध्ये एक आजी, जिला काहीच बघायचं नसतं आणि जी चपला सांभाळते. दारातल्या सगळ्यात मोठ्या डायनासोरच्या शेपटीला खाकी टेप गुंडाळलेली. हे प्राणी नामशेष झाले ते बहुधा देखभालीअभावी. स्पीकरवर डरकाळी येते, आणि दोन डरकाळ्यांच्या मध्ये, "पांढरी बोलेरो कुणाची हाय, बाजूला घ्या."

रेवा डायनासोरला घाबरली नाही. एकाच्या दातांत बिस्किट ठेवून आली. घाबरली ती बाथरूममधल्या हात वाळवायच्या यंत्राला. किंचाळली, गरकन वळली. मी खाली बसले, दोन्ही हात पसरले. ती माझ्या शेजारून पळत गेली आणि फरशी पुसणाऱ्या मावशींच्या पायाला जाऊन बिलगली.

"आईकडं जा की गं! ती काय बसलीया हात पसरून."

नोंद: घाबरली. मावशींकडे गेली. मी दोन पावलांवर, त्या चार. अंतराची सबबही नाही.


रवि. २६

घरीच. पार्कावर सदर लिहून पाठवलं. खाकी टेप, बोलेरो, चपलावाल्या आज्या, सगळं. संपादकांचा फोन, हसत होते. "कशालाच सोडत नाही बघा तुम्ही!" यंत्राचा प्रसंग अर्थातच सदरात नाही.

रेवा सगळ्या बायकांना मावशी म्हणते. मलाही. शिरीष बाबा. वॉचमन बाबा. टीव्हीवर भाषण ठोकणारे झाडून सगळे बाबा. पुढाऱ्यांच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा उदार आहे.

उद्या पाण्याचं. शिरीषला म्हटलं, लॉकरच्या रांगेत तू उभा राहा, मी हिला बघते.


सोम. २७

सरळ लिहून टाकते.

दारातच भांडण चाललं होतं. बोर्ड: सुती कपड्यांत पाण्यात उतरू नये. एक बाई कंबरेवर हात ठेवून, "व्हय ओ पावणं, ही साडी टेरिकॉटची हाय. बोर्डावर सुती लिवलंय तुमच्या. वाचा की." दारावरचा माणूस बिचारा वाचत होता. मला खिशातली वही काढायचा मोह झाला. काढली नाही. आज काम वेगळं होतं.

छोट्या मुलांच्या तळ्यात मुंग्यांसारखी माणसं. शिरीष लॉकरच्या रांगेत गेला. मी रेवाचा हात सोडला आणि भेळेच्या गाड्यामागच्या खांबाआड जाऊन उभी राहिले. शंभरपर्यंत मोजायचं ठरवलं होतं. तेवढ्यात ती मागे वळून बघेल, मी दिसणार नाही, मग ती रडेल. रडायला हवी होती मला. एवढंच.

ती उभी होती. कारंजं बघत होती. चाळीस झाले, वळली नाही. ओल्या पंजाबी ड्रेसमधली एक बाई भजी खात तिच्यापाशी थांबली, काहीतरी बोलली, एक भजं दिलं. साठ. रेवाने हात वर केले. बाईने उचललं. सत्तर. मी मोजतच होते. मोजतच होते, हेही लिहून ठेवते. मग ती बाई घसरगुंडीच्या जिन्यामागे वळली आणि दिसेनाशी झाली.

किती वेळ धावले ते सांगता येत नाही. शिरीष म्हणतो, बारा मिनिटं. पाण्याच्या पार्कात येणाऱ्या सगळ्या पोरी निळ्या फ्रॉकात असतात, हे मला आजच कळलं.

सापडली ती मागच्या लॉनवर, झाडाखाली. कुरुंदवाडचं कुटुंब, सतरंजी, डबे उघडलेले. रेवा त्या बाईच्या मांडीवर, हातात धपाट्याचा तुकडा. मला बघून तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"तुमचीच व्हय ही? आवं, लेकरू असं मोकळं सोडत्यात व्हय? म्हटलं आई दिसंल आत्ता, दिसंल आत्ता, कुणी वळखच देईना. आमच्या ह्यास्नी धाडलंया माईकवर सांगायला. कुणाची गं तू, म्हटलं तर माझ्याच गळ्यात हात टाकती!"

मी फक्त रेवाचा पाय धरून ठेवला. शब्दांवर कमावून खाणारी बाई मी.

"बसा आधी. तोंड बघा कसं पांढरंफटक पडलंय. ए, पाणी द्या गं ताईस्नी. आता जेवल्याबिगर सोडत न्हाय." शिरीष धापा टाकत आला, तर त्यालाही, "या पावणं, तुम्ही बी टेका."

बसलो. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. स्पीकरवर सांगत होते, निळा फ्रॉक घातलेली अंदाजे दोन वर्षांची मुलगी सापडली आहे, पालकांनी त्वरित संपर्क साधावा. पालक दही कालवत होते.

परत येताना गाडीत शिरीषने विचारलं, "हात सुटला कसा पण?" सुटला नाही, सोडला, म्हणाले. सगळं सांगितलं. त्याने गाडी एका गुऱ्हाळापाशी बाजूला घेतली.

"लपलीस?"

"हो."

"अगं, तिला एकदा कुणीतरी सोडून गेलंय. तू तेच परत करून दाखवलंस."

या वेळी वाक्य टाकून तो थांबला नाही. गाडी सुरू केली. मागच्या सीटवर रेवा झोपली होती, तोंडाला दही.


मंगळ. २८

मॅडमना फोन केला, खोटं काही सांगितलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग, "सांगितलंत ते बरं केलंत. आता परीक्षा बंद. ती तुमच्याकडे येते का, हे बघत बसू नका. तुम्ही तिच्याकडे जा. रडली, पडली, भूक लागली, दर वेळी पहिले हात तुमचे. तुम्ही किंवा तुमचे मिस्टर. बाकी कुणी तिला उचलायचं नाही, भरवायचं नाही. काही महिने तरी. जमेल?"

जमेल म्हणाले.

नंतर लक्षात आलं की मी कोल्हापुरात राहते.


बुध. २९

इथे पोर दिसलं की उचलायचं, हातावर काहीतरी ठेवायचं, गालाला हात लावून बोटं मोडायची. विचारायचं नसतं. विचारणं म्हणजे परकेपणा. आणि मला घरोघर जाऊन सांगायचंय, आमच्या मुलीला हात लावू नका.

दूधवाला: "बरं." तीन वेळा वळून बघितलं.

भाजीवाल्या अक्का: "दृष्ट लागली व्हय? मग काढा की. उचलू नका म्हंजे?"

माने काकूंना खुर्चीत बसवून नीट समजावलं. त्यांचे पसरलेले हात आणि रेवा यांच्या मध्ये माझा हात आडवा. काकू बघत राहिल्या. "आमच्या हाताला काय काटं हायत व्हय? पयल्या दिवशी कुणी ववाळलं हिला?" त्यांनीच ओवाळलं होतं. भाकरतुकडा त्यांच्याच हातचा. तरी हात काढला नाही.

दुपारी त्यांची ताटली करंज्या घालून परत पाठवली होती. संध्याकाळी त्यांच्याकडे राहिलेली आमची वाटी आली. रिकामी. घासून, पुसून, रिकामी. चौदा वर्षांत या दोन दारांमधून रिकामं भांडं गेलेलं नाही, साखरेची चिमूट तरी असतेच. वीस वर्षं मी या गावातल्या मोठ्या माणसांना छापून टोचते आहे, त्यातला एकही इतका दुखावला नसेल.

शिरीष म्हणाला, "मी जाऊन बोलू का काकूंशी?" बोल, म्हटलं. पण नियम तोच.

सोमवारनंतर तो माझ्याशी आज पहिल्यांदा धड बोलला.


गुरु. ३०

रेवा जिन्यात पडली. ढोपर. मी धावले, उचललं. ती माझ्या खांद्यावरून समोरच्या दाराकडे हात पसरून रडत होती. काकूंचं दार उघडं होतं. काकू दारात उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळून. पुढे आल्या नाहीत. डोळे पुसले त्यांनी.

नोंद: पडली. पहिले हात माझे. तिला हवे होते दुसरे.


शुक्र. ३१

शिरीषचं म्हणणं, तिसरं पार्क रद्द. मी म्हटलं, सोमवारी जे केलं ते गर्दीतच केलं, निस्तरायचंही तिथेच. "हा हट्ट आहे." आहेच. मॅडमना विचारलं. "एक तास. कडेवरून खाली उतरवायचं नाही." कबूल.


रवि. २ नोव्हें.

सुट्टीचा शेवटचा रविवार. झुकझुक गाडीला अख्खा जिल्हा लोटलेला. रांग नागमोडी, वर पत्रा, पत्र्याखाली आम्ही. रेवा माझ्या डाव्या कडेवर, मग उजव्या, मग डाव्या. शिरीष मध्येच घ्यायचा.

रांगेतल्या प्रत्येकाला माझी दया.

"द्या हिकडं पोरगी, दमला असशीला."

"नको."

"आवं, पळवून न्हेत न्हाय!"

"माहितीये. नको."

मागून एक बाई दुसरीला, मला ऐकू येईल अशा बेताने: "नवसाची दिसतीया. लई जपत्यात." दुसरी: "जपत्यात कुठलं, शिष्ट हाय."

रेवा रांगेतल्या दर माणसाकडे झेपावत होती. मी धरून. तिने माझे केस ओढले, कानाखाली एक ठेवून दिली, खांद्याला चावली. चांगली चावली, वळ आहे. सोडली नाही. एवढ्या लोकांत इतकी वाईट बाई मी याआधी कधी ठरले नव्हते. सदरातसुद्धा नाही.

गाडीत बसलो. रेवा आमच्या दोघांच्या मध्ये, माझा हात तिच्या पोटाभोवती. पुढच्या बाकावर एक आजी, मोठं कुंकू, तोंडात दात बेताचे. मागे वळल्या, हात पसरले, "ये गं माझ्या राजा. ये." नातवंडाला म्हणावं तसं.

रेवा बाकावर उभी राहिली. दोन्ही हात पुढे. नेहमीसारखेच. आणि थांबली. मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं. माझ्यामागे नाही, शिरीषकडे नाही, माझ्या तोंडाकडे. विचारल्यासारखं.

मी नुसती बघत राहिले. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. गाडीला हिसका बसला, माझा हात ढिला पडला, आणि ती गेली आजींकडे. त्यांच्या मांडीवर बसून दोन फेऱ्या मारल्या. टाळ्या वाजवल्या. उतरताना मी उचललं तेव्हा आजींसाठी रडलीही.

पण आधी बघितलं.

शिरीषने पाहिलं नाही, तो मोबाईल काढत होता. म्हणतो, इंजिनाची शिट्टी वाजली असेल, म्हणून वळली. असेल. शिट्टी वाजली का, मला आठवत नाही.

नोंद: सव्वाबारा. एकदा. पडली नव्हती, घाबरली नव्हती, त्यामुळे मॅडमच्या यादीत हे कुठे बसत नाही. तरी लिहिते.

परत बघेल का, माहीत नाही. बघितलं तर मला मान हलवता यायला हवी. नाही म्हणून हलवायची की जा म्हणून, ते जेवताना शिरीषला विचारलं. तो विचार करतोय. मीही.