‘ळ’चं पोट

प्रिय सदफ,

परवा फोनवर तू म्हणालीस, शुक्रवारी तुझा फॉन्ट सगळ्यांसाठी खुला होणार आणि त्याचं नाव ‘करीम’ ठेवणार. मी नुसतं “बरं, बरं” म्हणून फोन अम्मीकडं दिला. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला भरून आलं. आलं होतंच, पण नुसतं तेवढंच नव्हतं.

तू पाठवलेली अक्षरं मोबाईलवर मोठी करून पाहिली. तीच उंच, अंग चोरून उभी, तरी खाऊनपिऊन सुखी, एकही कोपरा न टोचणारी. पुण्यात बसून तू माझ्या जुन्या बोर्डांवरनं ती हुबेहूब उतरवलीस, हे मी गल्लीभर सांगून आलो. अम्मीनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “‘ळ’चं पोट जरा बारीक राहिलंय.” मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. तोंडाला सवय, दुसरं काय.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट. गडमुडशिंगीच्या एका दूध संस्थेचं नाव हे एवढं लांब आणि दार मात्र एवढंसं. म्हणून मी अक्षरं उंच आणि चेपून काढली, कोपरे असे की बोट कापावं. आउटलाइन झाली आणि तापानं मला आडवं केलं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी. अम्मीनं पदर खोचला आणि रंग भरायला घेतला. कोपऱ्यांत रंग ओघळायला लागला, तशी तिनं कोपरेच गोल करून टाकले आणि ओघळ झाकायला अक्षरं जाड केली. ते बघून मी इतका चिडलो की चहासुद्धा घेतला नाही. चेअरमन गणपतराव बोर्ड न्यायला आले आणि म्हणाले, “पेंटर, अक्षरं म्हशीचं दूध पिऊन आल्यागत दिसत्यात की.” खूश होते. मी मान डोलावली आणि म्हटलं, नवीन स्टाईल काढलीय.

मग हातकणंगल्यापासून मलकापूरपर्यंत सगळ्यांना तीच स्टाईल हवी. पंचवीस वर्षं मी आउटलाइन काढली आणि तिनं मागच्या अंगणात रंग भरला. तू रोज बघायचीस, पण तुला वाटायचं, अम्मी अब्बांना मदत करते. माझ्या हाताला गोल आजही येत नाही. खाली कोपऱ्यात ‘करीम पेंटर’ मात्र मी न चुकता लिहायचो. तिनं कधी विचारलं नाही आणि मला कधी लाज वाटली नाही. माझ्या अक्षरांवर तू शाळेत लिहिलेला निबंधही तिनंच जपून ठेवलाय. आता वाटते लाज.

बेटा, शुक्रवारच्या आत नाव बदल. अम्मीचं नाव दे, ‘शहाजादी’. तिला आधी विचारू नकोस, ती नकोच म्हणेल. आणि ‘ळ’चं पोट भरून घे, तिचंच बरोबर होतं.

तुझाच,
नुसत्या रेघा मारणारा अब्बा