मक्याचा धागा आणि उघडे हंडे

५ फेब्रुवारी

चि. खारूताईस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या कारखान्यातल्या लड्या पोचल्या. मक्याच्या साखरेपासूनचा धागा असं लिहिलंस, म्हणून मी आपला सुताचा रंग घेतला, मूठभर मीठ घातलं आणि उकळलं. धुतल्यावर सगळा रंग मोरीत, लडी पांढरीफटक! तुझा बाबा पोट धरून हसला. म्हणाला, ताई, हट्ट पुरे. गिऱ्हाईक पॉलिएस्टर आणतं, त्याला प्रेशरचं मशीन लागतं, तुझे हे उघडे हंडे काय कामाचे? महिनाअखेरीस त्याने भंगारवाल्याला बोलावलंय. रंगकाम गेलं तर मी करू काय, मला खरंच कळत नाही.

तुझी,
आत्या

१२ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

अगं, मक्याचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून थोडाच जास्त. बाकीचं खनिज तेलापासूनच. दोन्ही मिळून बनतं ते पॉलिएस्टरच, सुताचा रंग त्याला धरायचा नाही. पण नेहमीच्या पॉलिएस्टरइतका हा आडमुठा नाही. पॉलिएस्टरचा रंग नुसत्या उकळत्या पाण्यातही पितो, प्रेशर नको! मीठ नको, थोडं ॲसिटिक ॲसिड घाल, पाणी हळूहळू तापव. आमच्या प्रयोगशाळेत छोट्या भांड्यात जमलंय, मोठ्या हंड्यात कुणी केलेलं नाही. माझी आत्या करेल, असं मी साहेबांना सांगून बसलेय. आता माझी लाज तुझ्या हातात.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
खारू

२ मार्च

चि. खारूताईस आशीर्वाद.

पहिली लडी ठिपकेदार निघाली. घाई केली, तुझं ऐकलं नाही. दुसऱ्या खेपेला पाणी हळू तापवलं, लडी काठीवर अडकवून सारखी फिरवत राहिले, खांदे भरून आले. पण काय लाल चढलाय! धुतला, चोळला, तरी पाणी स्वच्छ. मी एकटीच रडले आणि लगेच तिसरी लडी टाकली.

तेवढ्यात तुझा बाबा भंगारवाल्याला घेऊन हजर. मी म्हटलं, हंडे खुशाल न्या, पण आत्ता उकळतायत. लाल लडी त्याच्या हातात दिली. बराच वेळ तो ती चोळून बघत होता. मग भंगारवाल्याला त्यानेच वाटेला लावलं आणि लडी फिरवायला दुसरी काठी धरली. साहेबांना सांग, माल पाठवा.

बाबाच्या पांढऱ्या सुती शर्टावर भरपूर रंग उडालाय, म्हणून तोंड पाडून बसलाय. सुताला हा रंग धरत नाही, धुतला की निघेल. पण ते मी त्याला संध्याकाळी सांगणार आहे.

लोभ पक्का आहे, उकळला तरी उतरायचा नाही.

तुझी,
आत्या