महालक्ष्म्यांपुढचा हिरो

आई, आज एका खेळण्याबद्दल लिहायला बसले होते आणि लिहिता लिहिता तुझ्याशीच भांडायला लागले. मग म्हटलं, ते काम जरा बाजूला ठेवावं आणि आधी तुझ्याशी काय ते बोलून घ्यावं. तुला माहीत असायचं कारण नाही, पण मी हल्ली खेळण्यांवर लिहिते. शाळेतली नोकरी आहेच, ते शाळा सुटल्यावरचं काम. फोनवर माझं एक पेज आहे. पदरचे पैसे घालून खेळणं आणते, उघडते, लेकीबरोबर खेळून बघते आणि लिहिते, की बायांनो, हे घ्या किंवा याच्या वाटेला जाऊ नका. सेलूच्या, पालमच्या, जिंतूरच्या आया वाचतात आणि उलट प्रश्नही विचारतात. आमच्या शाळेतल्या एक बाई परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मॅडम, केस पिकायला लागले अन् तुमी खेळायलात व्हय?" मी म्हटलं, "हो, खेळायलेय. येता का?" त्या हसल्या. मी हसले नाही. प्रत्येक परीक्षणाच्या डोक्यावर मी एकच वाक्य टाकते: खेळणं खेळायला असतं, मांडायला नसतं. वाचणाऱ्यांना ती जाहिरातीची ओळ वाटते. ती तुझ्यासाठी आहे, आई. इतकी वर्षं झाली, तुला ती प्रत्येक वेळी ऐकवल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही.

यावेळचं खेळणं म्हणजे एक लहानसं खोकं, तळहातावर मावेल एवढं. त्यात ठोकळे असतात, एकमेकांत दाबून बसवायचे. एक हिरो, म्हणजे जगाला वाचवणारा वगैरे, निळा मुखवटा घातलेला, पाठीवर पिवळं कापड. माझी लेक दुसरीत आहे. पोळ्याला बैल बघून आल्यापासून ती त्या कापडाला झूल म्हणते. एक चोर, त्याच्या हातात पिशवी. हिरोची मोटारसायकल. आणि एका गच्चीचा कोपरा, त्यावर पाण्याची टाकी. टाकीचं झाकण उघडतं आणि चोर त्यात लपतो. लेकीनं मला विचारलं, "आई, टाकीत पाणी असल्यावर हा कसा लपंल?" मी म्हटलं, आपल्या गल्लीतली टाकी असेल, नळ आल्याशिवाय त्याला काही धोका नाही. आता माझं मत. ठोकळे घट्ट बसतात, दाताने काढावे लागत नाहीत. कागदावर नुसती चित्रं आहेत, अक्षर नाही, त्यामुळं वाचता न येणारं लेकरूही बांधू शकतं. झूल चुरगळते. चोराचं डोकं फिरवलं की मागे दुसरा, घाबरलेला चेहरा आहे, त्यावर पोरं जाम खूश होतात. मोटारसायकल सतरंजीवर अडखळते, पण शहाबादी फरशीवर भिंतीपर्यंत पळते, आणि आपल्याकडं घरोघरी फरशीच आहे. हे सगळं मी लिहून काढलं होतं. फरशी आणि चाक हे दोन शब्द लिहिले आणि तिथंच अडकले.

ताडकळसच्या घरातली ओसरी मला दिसते. मामा हैदराबादहून आलेत आणि त्यांनी पिशवीतून खोकं काढलंय. "भाचीसाठी आणली," म्हणतात. माझ्यासाठी, आई, ऐकलंस ना? पत्र्याची लाल मोटार, बाजूला चावी, काळ्या रबराची चाकं. तू चावी देतेस, मोटार ओसरीवरून घरघरत जाते आणि उंबऱ्याला धडकून थांबते. मी उचलायला धावते, तर तू माझ्या आधी पोचलेली. पुसतेस, खोक्यात घालतेस, खोकं पत्र्याच्या पेटीत आणि पेटी कोठीच्या खोलीत. "महालक्ष्म्यांची हाय ती. हात लावू नको." आपल्या घरात खेळणी देवीची होती. लाकडाची भाजीवाली, चिनीमातीचा कुत्रा, पोपटांची जोडी, आणि आता माझी मोटार. वर्षभर पेटीत झोपायची. भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्यापुढच्या आराशीत तीन दिवस मांडायची. बाया हळदीकुंकवाला यायच्या, वाकून बघायच्या, "लय छान मांडलंय बाई" म्हणायच्या. मी रांगोळीच्या अलीकडं बसून माझ्याच मोटारीकडं बघायची. एकदा हात पुढं केला तर तू सगळ्यांदेखत चापट मारलीस. चापटेचं मला काही नाही, त्या काळी सगळ्यांना बसत. पण ती मोटार पुन्हा पळताना मी कधी पाहिली नाही. मी मोठी झाले, लग्न होऊन परभणीला आले, तू गेलीस. मला भाऊ नव्हता, तुझ्या महालक्ष्म्यांचे मुखवटे काकांकडं गेले आणि ती पेटी माझ्याकडं आली, कारण दुसऱ्या कुणाला ती नको होती. मी ती माळ्यावर टाकली. रागानंच टाकली, उघडलीसुद्धा नाही.

यंदा आत्या आली होती महालक्ष्म्यांना. तुझी नणंद अजून तशीच आहे, गुडघे दुखतात पण जीभ शाबूत. तिच्या सासरी महालक्ष्म्या नाहीत, म्हणून आधी दरवर्षी तुझ्याकडं यायची, आता माझ्याकडं येते. आराशीचं चाललं होतं तेव्हा म्हणाली, "वहिनीची पेटी काढ की वर्ची. ठिवून काय लोणचं घालायलीस?" पेटी काढली. तिनंच एकेक वस्तू पुसून मांडली, मोटार मधोमध. माझी लेक हिरो घेऊन आली आणि म्हणाली, माझा पण मांडायचाय, याला पण मुखवटा हाय. मी हो म्हटलं. तर तो गच्चीसकट, टाकीसकट, भाजीवालीच्या शेजारी उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य झाला, संध्याकाळी बाया यायला लागल्या. शेजारच्या आजींना कमी दिसतं. त्यांनी दोन्ही महालक्ष्म्यांना हळदीकुंकू वाहिलं, त्यांच्या पुढ्यातल्या लेकरांना, पिलवंडांना वाहिलं आणि त्याच ओघात हिरोच्या कपाळावरही बोट टेकवलं. कुणी हसलं नाही, कारण आजी मनापासून नमस्कार करत होत्या.

आणि नेमकं तेव्हाच लेक म्हणाली, "आई, माझा हिरो दे. मला खेळायचंय."

खोलीभर बाया. आत्या म्हणाली, "उंद्या घे गं बाळा. दोरे घेतल्यावर. आता देवीचा हाय त्यो." लेकीनं माझ्याकडं पाहिलं. आई, ते बघणं मला ओळखीचं आहे. रांगोळीच्या अलीकडून कसं बघतात ते मला कुणी शिकवायला नको. ती रडली नाही, हट्ट केला नाही, नुसतं बघत राहिली, की ही आता काय म्हणते. त्या घटकेला मला एवढंच कळलं, की आज मी नाही म्हटलं तर माझं पेज, माझी ती डोक्यावरची ओळ, सगळं खोटं. मी रांगोळी ओलांडली, वाकले, हिरोला उचललं, त्याचं कुंकू पदरानं पुसलं आणि तिच्या हातात दिलं. मोटारसायकलही दिली. आत्या म्हणाली, "तुझ्या आईनं असं केलं नसतं." मी म्हटलं, "नसतंच केलं. म्हणून तर मी करायलेय." आवाज जरा चढलाच माझा. चढू दे. लेक बाहेरच्या फरशीवर गेली, मोटारसायकल घरघरायला लागली आणि महालक्ष्म्या होत्या तशाच हसत उभ्या होत्या. कोप झाला नाही, दिवा विझला नाही. आजी म्हणाल्या, "लेकरू खेळायलंय, चांगलं हाय की," आणि ओटी घेऊन गेल्या.

तिसऱ्या दिवशी दोरे घेतले, महालक्ष्म्या उठवल्या आणि आत्या नि मी आरास आवरायला बसलो. लेक जवळच फरशीवर चोराला टाकीत कोंबत होती. मोटार मी उचलली आणि सवयीनं उलटी केली. खेळणं हातात आलं की मी आधी त्याची चाकं बघते, कुठं घासतंय, किती टिकेल. आई, मागच्या दोन्ही चाकांचं रबर गुळगुळीत झालेलं होतं. वरची नक्षी पार गेलेली, आणि चावीच्या भोवती लाल रंग बोटांच्या घासण्यानं उडालेला, खाली पत्रा दिसत होता. शंभर खेळणी हाताळली असतील मी. नुसतं मांडून असं होत नाही. जी मोटार वर्षातून तीन दिवस उभी राहायची, तिची चाकं झिजतील कशी? मी आत्याला विचारलं. आत्यानं आधी पोपट कागदात गुंडाळले, मग हसायलाच लागली.

"अगं, आमीच झिजवली. मी अन् वहिनी. माझं लगीन व्हायच्या आधी, दुपारी समदे निजले की कोठीच्या खोलीत. एकीनं चावी द्यायची, एकीनं दाराशी उभं ऱ्हायाचं."

"दाराशी कशाला?"

"तुझी आजी उठली म्हंजे? लेकराची आई खेळण्यासंगं खेळायलीय म्हणून गावभर झालं असतं. महालक्ष्म्यांची हाय म्हटलं की कुणी पेटीला हात लावत नव्हतं. ना तुझी आजी, ना तू." मग म्हणाली, "तिला ल्हानपणी कुठं काय भेटलं व्हतं? लय जीव व्हता तिचा त्या मोटारीवर."

मी म्हटलं, "मग काल बायांसमोर मला कशाला बोललीस?"

"बायांसमोर बोलावं लागतं," आत्या म्हणाली आणि पेटीचं झाकण लावलं.

तर असं आहे. तुला वाटत असेल, हे कळल्यावर मी विरघळेन. मुळीच नाही. मला उलट दुप्पट राग आलाय. मोटार गंजून गेली असती तर मी तुला माफ केलं असतं, म्हटलं असतं, बिचारीला खेळ म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. पण तुला माहीत होतं! तुला चांगलं माहीत होतं, चावी किती द्यायची, सोडायची कशी, उंबऱ्याला धडकली की कसं हसू येतं. आणि मी पलीकडच्या खोलीत झोपलेय असं समजून तू माझीच मोटार पळवत होतीस. आजीला भीत होतीस, कबूल. त्या घरात तुझं म्हणावं असं काही नव्हतं, म्हणून देवीच्या नावानं एक पेटी राखलीस, तेही मला कळतं, मीही सासर बघितलंय. पण आई, मला दाराशी उभं करायचंस की. मी काय गावभर सांगितलं असतं? आजीच्या पावलांची चाहूल मला तुझ्या नणंदेपेक्षा आधी लागायची. आपण दोघींनी मिळून तिला फसवलं असतं. चापट मारून मला ज्या रांगोळीबाहेर ठेवलंस, तिच्या आत तू एकटी नव्हतीस, आत्या होती. तिला घेतलंस आणि मला नाही, हे मला लागलंय, आणि मी ते असंच ठेवणार आहे. देवीच्या आडून खेळणं तुझं. मी उघड खेळेन, फोनवर लिहीन आणि शाळेतल्या बायांना वाचून दाखवीन.

परीक्षण आज पूर्ण करून टाकते. घ्यायला हरकत नाही, असं लिहीन. पाच वर्षांखालच्या पोरांना नको, चोराची पिशवी फार बारीक आहे. निळ्या मुखवट्यावर हळदीकुंकवाचा डाग पडतो आणि तो साबणानंही पूर्ण जात नाही, हेही लिहीन. कंपनीनं याचा विचार केलेला दिसत नाही. बाकीचं त्यात येणार नाही. हे तुला लिहिलेलं माझ्यापाशीच राहील, तुझ्यापर्यंत जायला त्याला वाट नाही.

एक मात्र सांगते. आत्या काल गेली. आज दुपारी मी मोटार माळ्यावर टाकायच्या आधी पुन्हा खोक्यातून काढली, तर लेकीनं हात पुढं केला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "हात लावू नको, महालक्ष्म्यांची हाय ती." अगदी तुझ्या आवाजात. लेक काही रुसली नाही. तिनं त्या दिवशी सगळं ऐकलेलं होतं. उठली, दार लोटून आली आणि हळूच म्हणाली, "मग तू चावी दे. मी दाराशी उभी राहते."

मी चावी दिली. अजून चालते गं ती. तिच्या हातात देणारच होते, पण खरं सांगायचं तर आधी तीन-चारदा मीच पळवली.